आयएमपी मागायला आलात? आधी हे वाचून घ्या

इंग्रजी वाङ्मय घेतलेल्या बी.ए., एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांची फी भरणाऱ्या घरच्यांसाठी

परीक्षेचे फॉर्म सुटले की आमच्या शिकवणीच्या जिन्यात पहिला प्रश्न ठरलेला: “सर, आयएमपी देऊन राहिले का?” आयएमपी म्हणजे पेपरात हमखास येणाऱ्या प्रश्नांची यादी. त्याच्या मागोमाग दुसरा: “नोट्स किती पानांच्या?” देऊन नाही राहिलो, आणि पान एकही नाही. नागपुरात बर्डीवर गाईड हवं तितकं मिळतं, त्यासाठी आमची फी भरायची गरज नाही. मग फी कशाची, असं घरच्यांनी विचारणं रास्त आहे. म्हणून हे पत्रक.

आधी माझीच फजिती सांगतो. एम.ए.ला असताना शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर प्रश्न आला होता: दारवानाच्या प्रसंगाचं नाटकात काम काय? मला नाटक तोंडपाठ. चेटकिणींपासून सुरुवात केली, डंकनचा खून पाडला, मेजवानीत बँकोचं भूत आणलं, शेवटी मॅकबेथचं मुंडकं उडवलं आणि दोन पुरवण्या जोडून ऐटीत बाहेर आलो. दारवान त्यात चार ओळींचा. निकाल लागला तेव्हा त्या पेपरात जेमतेम काठावर होतो. तपासणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मॅकबेथच्या घरात राजा डंकनचा नुकता खून झालाय, आणि दारावर कोणी तरी धाडधाड ठोकतंय. दार उघडायला एक झिंगलेला माणूस येतो, आपण नरकाचे दारवान आहोत असं बरळत. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येतं की या घराचा खरंच नरक झालाय. त्या नुसत्या ठोठावण्यावर टॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने १८२३ साली अख्खा निबंध लिहिलाय. मी ते सोडून गोष्ट सांगत बसलो. गोष्ट तपासणाऱ्याला माहीत असते.

दोन ओळी, एक तास

आमचा पहिला आठवडा साधारण असा जातो. फळ्यावर याच नाटकाच्या पाचव्या अंकातल्या दोन ओळी. राणी गेल्याची खबर आल्यावर मॅकबेथ म्हणतो:

टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो,
क्रीप्स इन धिस पेटी पेस फ्रॉम डे टू डे

गाईडात याच्यापुढे ‘मॅकबेथची निराशा’ असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण निराशा दिसते कुठे? कोणत्या शब्दात? ते शोधायला ओळ मोठ्याने म्हणावी लागते. मराठी माध्यमातली मुलं इथे बिचकतात. ‘आयॅम्बिक पेंटामीटर’ म्हटलं की त्यांना खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. त्यांना आम्ही शाळेतलं यमाताराजभानसलगम् आठवून देतो. ‘हिरा’ हा शब्द लघु-गुरू. हिरा हिरा हिरा हिरा हिरा, पाच वेळा म्हणा. दहा अक्षरं झाली आणि आयॅम्बिक पेंटामीटरचा ठेका हाती आला. फरक एवढाच की आपण अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते मोजतो, इंग्रजीत जोर कुठे पडतो ते मोजतात.

आता पहिली ओळ बोटांवर मोजा. दहाच्या जागी अकरा भरतात. शेवटचा ‘रो’ ओळीच्या बाहेर लोंबतो. ठेक्यात म्हटलं तर जोर दोन्ही वेळा ‘अँड’वर येतो. ‘आणि’सारख्या हरकाम्या शब्दावर! आणखी एक उद्या, आणखी एक उद्या, ओळ संपायचं नावच घेत नाही. पुढे ‘क्रीप्स’ म्हणजे सरपटणं, ‘पेस’ म्हणजे चाल, त्यानंतर चालती सावली येते, मग रंगमंचावर तोऱ्यात मिरवणारा नट. सगळीकडे चालणंच चालणं, आणि पोचत कोणी कुठेच नाही. शिवाय हे बोलणारा स्वतः रंगमंचावर उभा असलेला नटच आहे, ही गंमत वेगळी.

एवढं तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सात-आठ ओळींत लिहिता आलं, तर गाईडातल्या घोटीव परिच्छेदापेक्षा ते नक्की उजवं. व्याकरणाच्या चुका आम्ही दुरुस्त करून देतो. निरीक्षण मात्र उसनं मिळत नाही. अवतरणं पाठ करायची तीही अशीच, तीन-चार शब्दांची. दहा ओळी पाठ केल्या की त्या कुठे तरी कोंबायचा मोह होतो.

वाचलंय, पण आठवत नाही

घरच्यांशी आमचं सगळ्यात जास्त वाजतं ते इथे. मुलगी एकच धडा चारदा वाचते, पान हायलायटरने पिवळंधम्मक करते, आई-बाबांना वाटतं अभ्यास जोरात चाललाय. चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असंही वाटतं. बर्डीच्या गर्दीत एखादा चेहरा ओळखीचा दिसतो आणि नाव काही केल्या ओठावर येत नाही, त्यातलाच हा प्रकार. पेपरात नाव लिहायचं असतं.

याचा एक पक्का दाखला आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. एका गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचला. दुसऱ्याने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. वही बंद, मोबाईल पिशवीत. गेल्या तासाला जे झालं त्यातलं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहून गेलेलं लाल पेनाने भरायचं. तो लाल भाग म्हणजे तुमचा पुढचा अभ्यास. तोच विषय तीन-चार दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, मग परीक्षेच्या तोंडावर. पहिले पंधरा दिवस मुलं वैतागतात, कारण कागद अर्धा रिकामा राहतो आणि आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. त्या दिवसांत कृपा करून घरच्यांनी “एवढी फी भरून हेच का?” असं म्हणू नये. ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोने येणारी मुलं बर्डीपर्यंत हेच डोक्यातल्या डोक्यात करतात. त्याला कागदही लागत नाही.

उन्हाळी परीक्षेचं गणित थोडं निराळं. पारा ४५कडे झुकला की दुपारी कुलरसमोर बसून वाचणं म्हणजे डुलकीला आवतण, आणि कुलरच्या घरघरीत कविता ऐकू येत नाही. मोठ्याने म्हणायचं काम पहाटे गच्चीवर उरकून घ्या. दुपारी उत्तरं लिहा. हात चालू असला की झोप कमी येते.

जाड कादंबऱ्यांचं काय

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची ५९ प्रकरणं बघून मुलांच्या पोटात गोळा येतो. आम्ही एकच गोष्ट सांगतो: ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून छापून आली होती, हप्त्याहप्त्याने. आपल्या मासिकांत खाली ‘क्रमशः’ असायचं, तसंच. वाचकाने पुढचा अंक विकत घ्यावा म्हणून हप्त्याचा शेवट कसा अडकवून ठेवलाय, एवढं एक डोक्यात ठेवून वाचलं तरी कादंबरीच्या बांधणीवरचं अर्धं उत्तर आपोआप तयार होतं. प्रत्येक प्रकरणाला पोस्टकार्डाएवढा कागद: काय घडलं ते एका ओळीत, नवीन काय कळलं ते एका ओळीत, आणि एखादा लक्षात राहिलेला शब्द. बस्स. मोबाईलवर दोन मिनिटांत समरी मिळते हे आम्हालाही माहीत आहे. त्यात तो शब्द नसतो.

सनावळ्या थोड्याच पाठ करा, आणि ज्यांचा उपयोग होतो त्याच. कवी कीट्सने आपल्या गाजलेल्या ओडपैकी (कोणाला तरी उद्देशून लिहिलेल्या कवितांपैकी) बहुतेक १८१९ साली लिहिल्या, त्याच्या आधीच्या डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता, आणि १८२१ मध्ये २५व्या वर्षी तो स्वतःही त्याच रोगाने रोममध्ये गेला. एवढं माहीत असलं की त्या कवितांमधला नाशवंतपणा वेगळा वाचता येतो. मात्र सगळं उत्तर चरित्रानेच भरून टाकलं तर तीही माझ्या दारवानासारखीच गत.

न वाचलेल्या कवितेचा प्रश्न आला की मुलं आधी कवीचं नाव ओळखायला धावतात. नाव लागतच नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स मुद्दाम कवीचं नाव न सांगता कविता वाटत आणि मुलांकडून अभिप्राय लिहून घेत. त्यांतून त्यांचं १९२९ सालचं पुस्तक झालं, आणि चांगल्या शिकलेल्या मुलांनीही काय काय अर्थाचे अनर्थ केले ते त्यात मांडलंय. तेव्हा गोंधळणारे तुम्ही पहिले नाही. बोलतंय कोण, कोणाशी, आणि सूर कुठे पालटतो, एवढं आधी पेन्सिलीने खुणा करून बघा.

पेपरात बसल्यावर

तुमचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असेल तर एका गुणाला दोन मिनिटं धरा. १६० मिनिटं लिहिण्यात जातात, २० हातात राहतात. त्यातली निम्मी सुरुवातीला प्रश्न वाचण्यात आणि कच्चा आराखडा मांडण्यात घालवायची, बाकीची शेवटी. ‘कम्पेअर’ म्हटलं असेल तर आधी एका कवीवर एक पान आणि मग दुसऱ्यावर एक पान असं लिहू नका. प्रत्येक मुद्द्यात दोघांना समोरासमोर बसवा. पुरवण्यांचा ढीग करून कोणी भारावत नाही, हे मी सांगितलंच.

फी दोन हप्त्यांत घेतो. पहिले तीन तास बसून बघा. नाही पटलं तर पैसे परत, कारण विचारणार नाही. एका वर्गात पंधरापेक्षा जास्त मुलं घेत नाही, कारण तेवढीच उत्तरं आम्हा दोघा शिक्षकांना दर आठवड्याला नीट तपासता येतात.

पहिल्या दिवशी येताना अभ्यासक्रमातलं एक मूळ पुस्तक आणा. जुनं, फाटकं, आधीच्या मालकाच्या खुणा असलेलं चालेल. गाईड चालणार नाही. सोबत एक पेन्सिल, एक लाल पेन आणि पाठकोरे कागद.