डक्ट सफाई, घरगुती

डक्ट सफाई : मध्यवर्ती वातानुकूलन, तापन किंवा यांत्रिक वायुवीजन असलेल्या घरात यंत्र आणि खोल्या यांच्या दरम्यान हवा नेणाऱ्या-आणणाऱ्या वाहिन्यांना डक्ट म्हणतात. हे डक्ट आतून साफ करण्याच्या कामाला डक्ट सफाई म्हणतात. काम नीट केले तर त्यात केवळ वाहिन्याच नव्हे, तर खोल्यांत उघडणाऱ्या जाळ्या, हवा ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर, थंडाव्याची कॉइल, कॉइलखालचा पाण्याचा ट्रे आणि फिल्टरची चौकट हेही येते. सफाईनंतर आत जंतुनाशक फवारले जाते, त्याला निर्जंतुकीकरण किंवा बोलीत सॅनिटायझिंग म्हणतात. दोन्ही कामे बहुधा एकत्र विकली जातात, पण ती वेगळी आहेत आणि दुसऱ्याची गरज पहिल्यापेक्षा बरीच कमी वेळा पडते. भिंतीवर बसवल्या जाणाऱ्या स्प्लिट एसीला डक्ट नसतो. त्याच्या बाबतीत प्रश्न असतो तो फक्त कॉइल, ब्लोअर आणि ट्रे यांच्या सफाईचा.

रचना : घरगुती यंत्रणेत डक्टचे दोन भाग असतात. पुरवठ्याचे डक्ट थंड किंवा गरम केलेली हवा खोल्यांत सोडतात, परतीचे डक्ट खोल्यांतली हवा ओढून यंत्राकडे नेतात. फिल्टर साधारणपणे परतीच्या वाटेवर, यंत्राच्या अलीकडे असतो. म्हणून परतीच्या डक्टमध्ये धूळ जास्त दिसते. जाळी उघडल्यावर दिसणारा तो करडा थर पाहून घरमालक धास्तावतो, पण ती धूळ सुटली तरी खोलीत येण्याआधी फिल्टरमधून जाणार असते. फिल्टर नीट बसला असेल तर, अर्थात. चौकटीत बोटभर फट असली की हवा त्याच फटीतून जाते आणि कितीही चांगला फिल्टर वाया जातो.

डक्ट जस्तलेपित पत्र्याचे, तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिकचा पडदा चढवलेले लवचीक, किंवा काचतंतूंच्या दाबलेल्या फळ्यांचे असतात. काही पत्र्याच्या डक्टना आतून काचतंतूंचे अस्तर लावलेले असते. सफाईच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पत्रा घासता येतो. लवचीक डक्ट जोरकस ब्रशने फाटतो. काचतंतूंचा पृष्ठभाग उखडला तर त्याचे तंतूच हवेत येतात.

धूळ आणि ओल : डक्टमधली धूळ मुख्यतः घरातलीच असते. कपड्यांचे तंतू, त्वचेचा कोंडा, पाळीव प्राण्यांचे केस, स्वयंपाकाचा धूर, पायांबरोबर आलेली माती, परागकण यांची ती बनते. बांधकाम किंवा दुरुस्ती चालू असताना यंत्रणा सुरू ठेवली तर सिमेंट, जिप्सम आणि लाकडाचा भुसाही आत जातो. घरगुती डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण ३ ते ५ मीटर असतो. जड कण वळणांवर आणि तळाशी बसतात, आणि पृष्ठभागालगतची हवा मधल्या प्रवाहापेक्षा बरीच मंद असल्याने एकदा बसलेली धूळ सहसा जागची हलत नाही. उलट स्वयंपाक, धूम्रपान, मेणबत्त्या, उदबत्त्या, गालिच्यावरची वर्दळ यांतून हवेत येणारे कण रोजचे आणि ताजे असतात. डक्ट हा बहुतेक घरांत धुळीचा उगम नसून तिची वाट असतो.

ओल आली की मात्र हे गणित बदलते. बुरशीला धूळ हे खाद्य पुरते, कमी असते ते पाणी. थंड हवेचा डक्ट तापलेल्या माळ्यावरून जात असेल आणि त्याचे इन्सुलेशन फाटले असेल तर पत्र्यावर दव धरते. कॉइलवर तर उष्ण दिवसांत पाणी सतत निथळत असते. ट्रेचा निचरा तुंबला तर ते साचते, आणि ब्लोअरचा वेग गरजेपेक्षा जास्त असेल तर कॉइलवरचे थेंब उडून पुढच्या डक्टमध्ये पडतात. म्हणून बुरशीचा पहिला ठिपका शोधायचा असेल तर तो लांबच्या जाळीत नव्हे, कॉइलच्या आसपास शोधावा. जाळीच्या कडेला दिसणारा काळा डाग नेहमीच बुरशीचा नसतो. तिथून वेगाने निघणारी हवा खोलीतली काजळी आणि धूळ छतावर आपटवते, त्याचाही तसाच डाग पडतो. डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के ठेवायला सांगते. धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे, हे डक्ट सफाईच्या जाहिरातींचे लाडके पात्र आहे. प्रत्यक्षात त्यांचा मुक्काम गाद्या, उशा आणि गुबगुबीत फर्निचर यांत असतो. त्वचेच्या कोंड्याबरोबर त्यांना दमट उबेचीही गरज असते आणि पत्र्याच्या कोरड्या डक्टमध्ये तिची चणचण असते.

इतिहास : मध्यवर्ती तापनाची हवा डक्टमधून खेळवणे जुने आहे, पण डक्टच्या स्वच्छतेचा आरोग्याशी संबंध जोडण्याची चर्चा १९७० नंतर वाढली. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या आणि बाहेरची ताजी हवा कमी घेतली जाऊ लागली. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेने १९८१ च्या मानकात कार्यालयांसाठी दरमाणशी ताज्या हवेचे किमान प्रमाण मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत उतरवले होते. १९८९ मध्ये ते १५ घनफुटांच्या पुढे न्यावे लागले. मधल्या काळात डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारींना ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हे नाव मिळाले. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ पसरली आणि १९७७ मध्ये तिचा जिवाणू, लीजनेला, ओळखला गेला. वातानुकूलन माणसाला आजारी पाडू शकते ही धास्ती तेव्हापासून लोकांच्या मनात बसली. पण हा जिवाणू पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. डक्टमधल्या कोरड्या धुळीशी त्याचा संबंध नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेत डक्ट सफाई व्यावसायिकांची नॅडका ही संघटना स्थापन झाली. तपासणी, सफाई आणि पूर्ववत करणे यांसाठी तिने तयार केलेले एसीआर हे मानक आज या व्यवसायात सर्वाधिक वापरले जाते. युरोपात वायुवीजन यंत्रणांच्या स्वच्छतेसाठी २०११ चे ईएन १५७८० हे मानक आहे. स्वीडनने १९९१ मध्ये वायुवीजनाची सक्तीची तपासणी सुरू केली. तिचा भर हवा ठरल्याप्रमाणे खेळते आहे की नाही हे पाहण्यावर आहे, आणि तो योग्यच म्हणावा लागेल.

उपयोग किती : ईपीएने १९९७ मध्ये घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली. डक्ट सफाईमुळे आरोग्याच्या तक्रारी टळतात असे कधी सिद्ध झालेले नाही, आणि डक्ट मळल्यामुळे घरातल्या हवेतले कण वाढतात असेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही, ही तिची भूमिका. कॅनडाच्या गृहनिर्माण महामंडळाने केलेल्या संशोधनाचा निष्कर्षही याच वळणाचा होता : सफाईने श्वासातल्या हवेचा दर्जा सहसा बदलत नाही, हवेचा प्रवाह फारसा सुधारत नाही आणि तापनाचा खर्चही लक्षणीय घटत नाही. कॉइल, ब्लोअर आणि उष्णता-विनिमयक यांची सफाई याला अपवाद आहे. हे भाग मळले की यंत्र जास्त वीज खाते, साफ केल्यावर त्याची कार्यक्षमता सुधारू शकते.

याचा अर्थ डक्ट कधीच साफ करू नयेत असा नाही. पत्र्यावर किंवा यंत्राच्या भागांवर बुरशीची डोळ्यांना दिसेल अशी वाढ असेल, उंदरांनी किंवा किड्यांनी आत घर केले असेल, किंवा इतका गाळ साचला असेल की जाळीतून धूळ खोलीत उडताना दिसते, तर सफाई करायलाच हवी. आग लागून गेल्यावरची काजळी, पुराचे पाणी आणि मोठ्या दुरुस्तीनंतरचा राडारोडा हीही पुरेशी कारणे आहेत. ‘दर अमुक वर्षांनी’ असा सरसकट नियम लावण्याला मात्र आधार नाही. आणि कारण न शोधता केलेली सफाई टिकत नाही. निचरा तुंबलेलाच राहिला तर बुरशी त्याच जागी परत येते. काचतंतूंचे अस्तर भिजून त्यात बुरशी धरली असेल तर ते साफ होतच नाही, काढून बदलावे लागते.

पद्धत : मूळ तत्त्व ऋणदाबाचे आहे. यंत्राजवळच्या मुख्य डक्टला छिद्र पाडून तिथे मोठे शोषकयंत्र जोडतात, खोल्यांतल्या जाळ्या झाकतात आणि सगळी वाहिनी आतून ओढीखाली आणतात. मग एकेका फाट्यात दाबाच्या हवेचे फटकारे किंवा फिरता ब्रश सोडून धूळ सुटी करतात. सुटलेली धूळ खोलीकडे न येता शोषकयंत्राकडे जाते. ओढ न लावता नुसता ब्रश फिरवणे म्हणजे दारेखिडक्या लावून पंख्याखाली केर काढणे. शोषलेली हवा घराबाहेर सोडतात, घरातच सोडायची असेल तर ती हेपा फिल्टरमधून जायला हवी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. शेवटी पाडलेली छिद्रे पत्र्याच्या तुकड्याने बंद करून इन्सुलेशन पूर्ववत करतात.

काम नीट झाले की नाही हे आधी आणि नंतर कॅमेरा आत घालून पाहता येते. नॅडकाच्या मानकात एक मोजमापही आहे : ठरलेल्या पद्धतीने पृष्ठभागावरची धूळ शोषून तिचे वजन केले असता ते १०० चौरस सेंटिमीटरला ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरू नये. घरगुती कामात ही चाचणी क्वचितच होते, पण तिचे नाव काढले तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळते. जुन्या घरांत एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. डक्टच्या सांध्यांवरची पट्टी किंवा भोवतीचे आवरण ॲस्बेस्टॉसचे असू शकते. तशी शंका असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, तोवर कुठेही छिद्र पाडू नये.

निर्जंतुकीकरण : सफाईतला हा सर्वात कच्चा दुवा. जंतुनाशक धुळीवर फवारले तर ते धुळीतच जिरते, म्हणून धूळ काढल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि धूळ काढून ओल थांबवल्यावर फवारण्यासारखे बहुधा काही उरत नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी निर्माण करते, ती मारून नव्हे तर काढून टाकूनच प्रश्न सुटतो. शिवाय फवारलेले रसायन पुढे त्याच वाटेने खोल्यांत येते. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत अशी रसायने ईपीएकडे विशिष्ट वापरासाठी नोंदवावी लागतात. काचतंतूंच्या फळ्यांवर किंवा अस्तरावर वापरण्यासाठी एकही जंतुनाशक नोंदलेले नसल्याचे ईपीएने म्हटले आहे. पत्र्याच्या डक्टवरचे उत्पादन तिथे मारू देऊ नये.

आतून रंगासारखा थर देणारे सीलंटही विकले जातात. मळलेल्या किंवा ओल्या पृष्ठभागावर ते टिकत नाहीत आणि खालची बुरशी झाकण्यापलीकडे काही करत नाहीत. ओझोन सोडणारी यंत्रे तर टाळावीतच. जंतूंवर परिणाम होण्याइतके ओझोनचे प्रमाण माणसाच्या फुप्फुसांना अपायकारक असते. २५४ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणे जंतू मारतात हे खरे, पण वाहत्या हवेला दिव्यासमोर क्षणभरच वेळ मिळतो. कॉइल जागची हलत नाही, तिच्यावर प्रकाश तासन्‌तास पडतो, म्हणून असा दिवा कॉइलसमोर लावणे अधिक उपयोगी ठरते.

फसवणूक : अगदी स्वस्त दराची जाहिरात, घरात आल्यावर ‘विषारी बुरशी सापडली’ अशी घोषणा आणि मग वाढत जाणारे बिल, हा या धंद्यातला परिचित प्रकार आहे. संपूर्ण घराचे काम अर्ध्या-पाऊण तासात होत नाही, तेवढ्यात जे होते ते जाळ्यांपाशी व्हॅक्यूम फिरवणे. ‘ईपीएने प्रमाणित केलेली सेवा’ असा दावा केला गेला तर तो खोटा समजावा, कारण ही संस्था डक्ट सफाई करणाऱ्यांना प्रमाणपत्र देत नाही.

सफाईची वेळ लांबवणारे उपाय : फिल्टर वेळेवर बदलणे हा पहिला. फिल्टरची क्षमता मर्व्ह या श्रेणीत मोजतात. मर्व्ह १३ चा फिल्टर १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के कण अडवतो. मात्र दाट फिल्टर ब्लोअरच्या ताकदीला झेपला पाहिजे, नाहीतर हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो.

दुसरा उपाय गळती बुजवण्याचा. अमेरिकेच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तिथल्या सामान्य घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि भोकांतून वाया जाते. परतीच्या डक्टची गळती अधिक वाईट. माळ्यावरून किंवा गॅरेजमधून जाणारा असा डक्ट तिथली धूळ, इन्सुलेशनचे तंतू आणि गाडीचा धूरही ओढून थेट घरभर वाटतो. सांध्यांना लेपासारखे सीलंट लावून किंवा धातूची चिकटपट्टी मारून गळती थांबवता येते. कापडी डक्ट टेप, नाव काहीही असो, डक्टवर फार काळ टिकत नाही. हात न पोहोचणाऱ्या जागांसाठी १९९० च्या दशकात लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मार्क मोडेरा आणि सहकाऱ्यांनी एरोसील हे तंत्र विकसित केले. त्यात चिकट कणांचा फवारा डक्टमध्ये दाबाखाली सोडतात आणि ते कण भोकांच्या कडांवर साचून ती बुजवतात. डक्ट आधी साफ असेल तर हे काम चांगले होते.

कपडे वाळवण्याच्या यंत्राची बाहेर हवा सोडणारी नळी हा याच कंत्राटदारांकडून होणारा, पण निराळा प्रकार आहे. तिथे प्रश्न हवेच्या दर्जाचा नसून आगीचा असतो. कपड्यांचा कापूस नळीत साचतो, हवा अडते, यंत्र तापते आणि तो कापूस पेट घेतो. घराचे डक्ट वर्षानुवर्षे न उघडता चालू शकतात, ही नळी तशी ठेवता येत नाही.