बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवण्याची बैठक : पार्श्वभूमी

बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवताना डावे मनगट अवघडते, मान पुढे झुकते आणि डावा हात सोडला की हेडस्टॉकची, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्या असलेल्या टोकाची, बाजू खाली जाऊ लागते, या तक्रारी नवशिक्यांइतक्याच मुरलेल्या वादकांच्याही असतात. त्याचे खापर बहुधा वादकाच्या सवयींवर फोडले जाते. पण अडचणीचा मोठा भाग वाद्याच्या जडणघडणीतच आहे, कारण आज सर्वत्र दिसणारी सॉलिड बॉडी (भरीव अंगाची) गिटार प्रामुख्याने उभ्या वादकाच्या खांद्यावर रुळत गेली आणि तिची बैठक मागाहून जुळवून घेतली गेली.

गिटार धरायची कशी, हा प्रश्न मात्र विजेपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर यांनी गिटारला टेबलाच्या कडेचा आधार देण्याचा मार्ग सुचवला होता, तर दिओनिसिओ आग्वादो यांनी वाद्य अंगापासून मोकळे राहावे म्हणून तिपाईसारखे स्टँडच तयार केले. हे दोन्ही उपाय मागे पडले. पुढे गिटार घडवणारे आंतोनिओ दे तोरेस यांनी गिटारची बॉडी मोठी केली आणि वादक फ्रान्सिस्को तार्रेगा (1852–1909) यांच्या प्रभावाने डावा पाय छोट्या चौरंगावर ठेवून गिटार डाव्या मांडीवर घेण्याची रीत शास्त्रीय वादनात रूढ झाली. या बैठकीत नेक (गिटारची दांडी) तिरपी वर उचलली जाते, फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटे दाबायची पट्टी) पाहण्यासाठी वाकावे लागत नाही आणि डावे मनगट जवळजवळ सरळ राहते. मनगट फार दुमडले की बोटांचे स्नायुबंध मनगटातील अरुंद मार्गातून वाकून सरकतात आणि तिथला दाब वाढतो. म्हणून मनगट सरळ राहणे ही कोणत्याही बैठकीची पहिली कसोटी मानायला हवी.

इलेक्ट्रिक गिटारने सुरुवातीला हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांची 1932 च्या सुमारास बाजारात आलेली 'फ्राइंग पॅन' ही हवाईयन पद्धतीची लॅप स्टील होती. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून धातूची कांडी फिरवायची. पाठोपाठ 1936 मध्ये गिब्सन कंपनीची पोकळ बॉडीची ईएस-150 आली आणि 1939 मध्ये जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख बेनी गुडमन यांच्याकडे दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी या प्रकारच्या गिटारला एकल वाद्याचा मान मिळवून दिला. त्या काळच्या वाद्यवृंदांत गिटारवादक खुर्चीवर बसत आणि गिटार उजव्या मांडीवर घेत. पोकळ बॉडी रुंद आणि खोल असल्यामुळे उजवा हात तिच्या वरच्या कडेवर सहज विसावे, त्या हाताच्या भारानेच वाद्य स्थिर राही आणि नेक पुरेशी उंच येई. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील फ्रेडी ग्रीन तर गिटार इतकी कलती धरत, की तिचा दर्शनी भाग जवळजवळ छताकडे वळलेला असे.

सॉलिड बॉडीने हा आधार काढून घेतला. 1950 मध्ये फेंडर कंपनीची सॉलिड बॉडी गिटार आणि 1952 मध्ये गिब्सनची लेस पॉल बाजारात आली. फेंडरच्या बॉडीची जाडी जेमतेम साडेचार सेंटिमीटर, आणि रुंदीही जुन्या पोकळ गिटारपेक्षा बरीच कमी. अशी गिटार उजव्या मांडीवर घेतली की ती खाली बसते, फ्रेटबोर्ड पाहण्यासाठी पाठीला बाक येतो आणि नेक आडवी राहिल्याने डावे मनगट दुमडते. फेंडरच्या चौकोनी कडा बरगड्यांत आणि हातावर रुतत असल्याच्या वादकांच्या तक्रारींतून 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला मागे पोटाशी खोलगट उतार आणि पुढे हाताखाली तिरकी घडण मिळाली. तिचे वरचे शिंग (बॉडीचे पुढे आलेले टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत) पोहोचते आणि स्ट्रॅप (खांद्यावरचा पट्टा) तिथे अडकवला की तोल उत्तम साधतो. पण हा गुण गिटार लटकवल्यावरच लागू होतो. मांडीवर तोल ठरतो तो बॉडीची कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, कुठे आहे यावर.

याच मुद्द्याकडे फेंडरच्या 1958 च्या जॅझमास्टरने थेट लक्ष दिले. बसून वाजवणाऱ्या जॅझ वादकांना डोळ्यांसमोर ठेवून तिच्या कंबरेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकवलेल्या होत्या. जॅझवाल्यांनी ती फारशी स्वीकारली नाही, याचे वाईट वाटते, कारण घडणीमागचा विचार अचूक होता. त्याच वर्षी आलेली गिब्सनची व्ही आकाराची फ्लाइंग व्ही बसून वाजवणे अवघड, म्हणून घसरू नये यासाठी तिच्या कडेला रबराची पट्टी बसवलेली होती. मात्र तिची खाच उजव्या मांडीवर अडकवली की नेक शास्त्रीय बैठकीसारखीच वर येते.

गिटार घडवणारे नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या दशकात हेडस्टॉकच काढून टाकून नेकच्या टोकाचे वजन घटवले आणि लहानशा बॉडीला मांडीवर टेकवण्यासाठी दुमडता आधार जोडला. चालू शतकात स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांच्या गिटारांत हाच विचार पुढे गेलेला दिसतो. जुन्या आकाराची गिटार असलेल्यांनी मात्र शास्त्रीय वादनाकडून पायाखालचा चौरंग किंवा मांडीवरची उशी उसनी घेतली आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे बसतानाही स्ट्रॅप घालणे: त्याची लांबी अशी ठेवायची, की उभे राहिले तरी गिटार छातीसमोर त्याच उंचीवर राहील आणि बसल्यावर तिचे वजन मांडीऐवजी खांद्यावर येईल.