अपाची एका ओळीत बसतो, पण ती ओळ यायला बरीच वर्षं लागली

परवा गुहागरला पडवीतल्या जुन्या लिनक्सवाल्या डेस्कटॉपवर अपाची टाकला, म्हणजे ब्राउझरने मागितलं की पेज पाठवणारा वेब सर्व्हर. सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाचीटू ही एक कमांड, एंटर, आणि चहा येईपर्यंत पेज दिसायला पण लागलं. भाचा म्हणतो मामा, एवढंच? हो बाबा, आता एवढंच.

१९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने जे सोडलं ते नुसतं लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बाकी सगळं ज्याचं त्याने जमवायचं. सर्व्हरची गोष्ट वेगळीच सुरू झाली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एनसीएसए म्हणून सेंटर आहे, तिथे रॉब मॅककूलने एचटीटीपीडी नावाचा वेब सर्व्हर लिहिला आणि १९९४ मध्ये तो तिथून गेला, मग काम थंडावलं. वापरणारे आपापले बग आपणच दुरुस्त करून पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, एकमेकांना मेलवर पाठवत बसले. त्यातल्याच काही जणांनी सगळे पॅच एकत्र केले, एप्रिल १९९५ ला पहिला अपाची आला आणि वर्षभरात तोच सगळ्यात जास्त वापरला जायला लागला.

पण बसवायचा कसा, तर सोर्स कोडचं टार नावाचं गाठोडं उतरवा, सोडवा, कंपाइल करा म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवा, आणि मध्येच त्याला लागणारी कुठली तरी लायब्ररी नाही म्हणून एरर. आमच्याकडे शिमग्याला पालखी उठायची तर सगळे मानकरी हजर लागतात, एक रुसला की पालखी जागेवरच, अगदी तसंच. १९९३ ला स्लॅकवेअर आणि डेबियन हे लिनक्सचे तयार संच आले, पुढे रेड हॅट या दुसऱ्या संचाचा, प्रोग्रॅम बसवून देणारा आरपीएम आला, तरी डेबियनचा डीपीकेजी काय नि आरपीएम काय, कोण आलेला नाही एवढं सांगून गप्प बसायचे, बोलावणं तुम्हीच धाडायचं. डेबियनचा ॲप्ट राहिलेलं सगळं स्वतः नेटवरून जाऊन आणायला लागला तो १९९९ च्या डेबियन २.१ पासून. माझ्या मते खरी क्रांती हीच, बाकी सगळं नंतरचं.

अर्थात आणायला नेट हवं ना! आमच्या इथे तेव्हा डायलअप, तोही पावसात लाइन खरखरायची, त्यामुळे मासिकासोबतची सीडी हाच आधार. डेबियनवरच बेतलेलं उबुंटू २००४ ला आलं आणि ते तर सीडी फुकट पोस्टाने पाठवायचे, २०११ पर्यंत. माझी पोस्टमनने भर पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली होती, अजून आहे कपाटात.

नावाचा घोळ पण जुनाच. डेबियन-उबुंटूवर अपाचीटू, रेड हॅटवाल्यांकडे तोच सर्व्हर एचटीटीपीडी, म्हणून एकाची कमांड दुसरीकडे टाकली की सर्व्हिस सापडत नाही. शिवाय डेबियनमध्ये बसवल्या बसवल्या सुरू होतो, बूटला पण आपोआप उठतो, रेड हॅटकडे मात्र सिस्टमसीटीएल एनेबल ही कमांड आपण द्यायची. ती कमांड ज्याची, ते सर्व्हिस उठवणारं सिस्टमडी २०१० चं, डेबियनमध्ये डिफॉल्ट झालं २०१५ ला, त्याआधी तेच काम करणाऱ्या इनिट स्क्रिप्ट होत्या.

कोकणात हे बूटचं प्रकरण फार महत्त्वाचं, जुलैत लाईट किती वेळा जाते ते मोजत पण नाही कोणी. या आठवड्यात दोनदा गेली, पहिल्यांदा मशीनच उठलं नाही, अपाची कुठून उठणार? मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून, लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग शोधलं, ते काही ॲप्ट करून देत नाही.