कासव ठेवावे की दुसऱ्या घरी द्यावे : निर्णयापूर्वी वाचण्याचे माहितीपत्रक

डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले पाण्यातले कासव ज्यांच्या घरी आहे, त्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बाजारात या कासवाला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. आणताना ते पाच रुपयांच्या नाण्याहून थोडेसेच मोठे असते. मादी असेल तर काही वर्षांत तिची पाठ २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळल्यास हे कासव २० ते ३० वर्षे जगते. त्यामुळे मुलगा बारावीनंतर पुण्याला गेला, सासूबाईंना टाकीचा वास सहन होत नाही, बदलीची ऑर्डर आली, अशा कारणांनी "आता हे कासव आपण घ्याल का?" हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला ऐकावा लागतो. प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. मात्र तो बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी विचारला जातो, आणि त्याबद्दलच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

चूक एकच आहे आणि ती म्हणजे कासव शेवटच्या दिवशी आणणे. मे महिन्यात, बदल्यांच्या हंगामात, सामानाचा ट्रक दारात उभा असताना ग्राहक बादलीत कासव घेऊन दुकानात येतात आणि ते आजच ठेवून घ्या म्हणतात. आम्ही नाही म्हटले की त्यांना आम्ही कठोर वाटतो. परंतु परक्या घरातून आलेले कासव आम्हाला किमान ३० दिवस वेगळ्या टाकीत ठेवावे लागते, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या कासवाकडूनही इतरांना आजार लागू शकतो. अशा वेगळ्या टाक्या आमच्याकडे मोजक्याच आहेत आणि उन्हाळ्यात त्या भरलेल्या असतात. शिवाय नवे घर शोधणे म्हणजे एक फोन करून संपणारे काम नव्हे. घेणाऱ्या कुटुंबाकडे पुरेशी मोठी टाकी लागते, ती आधी चालू करून फिल्टर रुळू द्यावा लागतो (म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे उपयुक्त जिवाणू त्यात वाढू द्यावे लागतात), आणि घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर आम्ही त्या घरी कासव देतच नाही. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे माणसाला पोटाचा आजार करणारे जिवाणू असू शकतात. याच कारणावरून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे. या सगळ्याला महिना ते दीड महिना लागतो. म्हणून आमची विनंती अशी की निर्णय पक्का झालेला नसला तरी विचार मनात आल्याबरोबर आम्हाला कळवावे. नाव नोंदवून ठेवल्याने आपण कोणत्याही प्रकारे बांधले जात नाही.

दुसरी विनंती अशी की नाव नोंदवल्यानंतरचे चार आठवडे टाकी सुधारण्यासाठी द्यावेत. कासव द्यायला आलेल्यांपैकी अनेकांची अडचण कासवाची नसून टाकीची असते, हा आमचा अनुभव आहे.

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमच्या एका ग्राहक ताईंचे कासव बारा दिवस काहीही खात नव्हते. ते आता जगत नाही असे समजून त्या ते एखाद्या जाणकाराला देऊन टाकायला निघाल्या होत्या. आम्ही घरी जाऊन पाहिले तेव्हा टाकी उत्तरेकडच्या गॅलरीच्या खिडकीला टेकलेली होती आणि थर्मामीटरने पाण्याचे तापमान १६ अंश दाखवले. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो, आणि घरातले उघडे पाणीही गार पडते. हा प्राणी थंड रक्ताचा आहे, पाणी २० अंशांखाली गेले की त्याची भूक मंदावते. टाकी आतल्या भिंतीला सरकवली, जाळीचे संरक्षण असलेला हीटर लावला, पाणी २५ अंशांवर आणले, आणि चौथ्या दिवशी त्याने ताईंच्या समोर कोथिंबिरीची काडी ओढून घेतली. ते कासव आजही त्यांच्याच घरी आहे. (हीटर कोणाकडूनही घ्या, पण जाळीशिवाय घेऊ नका. मोठे कासव धडक देऊन काच फोडते.)

प्रकाशाबद्दलही असाच गैरसमज आहे. "आमच्या टाकीवर रोज सकाळी ऊन येते" असे बरेच जण सांगतात, परंतु ते ऊन खिडकीच्या काचेतून येते आणि काच नेमके यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवते. त्या किरणांशिवाय कासवाच्या शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच हळूहळू मऊ पडते. त्यासाठी यूव्हीबीची ट्यूब दिवसाला १० ते १२ तास हवी, आणि तिच्याखाली पूर्ण कोरडे होऊन बसता येईल अशी जागा हवी, जिथले तापमान ३२ ते ३५ अंश राहील. ही ट्यूब उजेड देत राहिली तरी साधारण सहा महिने ते वर्षभरात तिची यूव्हीबीची ताकद संपत येते, म्हणून आम्ही विक्रीच्या वेळी ट्यूबच्या टोकावर तारीख लिहून देतो. यात विक्री वाढवण्याचा डाव आहे असे काही ग्राहकांना वाटते. त्यांनी ट्यूबच्या खोक्यावरची सूचना वाचून पाहावी. उन्हाळ्यात मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. ४५ अंशांच्या दुपारी बाल्कनीतली टाकी तापून कासव दगावू शकते, तेव्हा ती सावलीत आणि घरात घ्यावी.

वासाचे कारण बहुधा टाकीचा आकार हे असते. पाठीच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी धरावे, म्हणजे आठ इंची कासवाला ३०० लिटरपेक्षा थोडे अधिक. एवढी काचेची टाकी महाग पडते हे आम्हाला मान्य आहे. पाण्याची प्लास्टिकची मोठी टाकी आडवी कापून घेतली तरी चालते. ती आमच्याकडे मिळत नाही, पण तिला योग्य फिल्टर आम्ही बसवून देतो. केवळ सुक्या झिंग्यांवर कासव ठेवू नये. अ-जीवनसत्त्व कमी पडले की डोळे सुजून बंद होतात आणि घरचे समजतात की ते आंधळे झाले. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे, एका बाजूला कलून तरंगणे ही लक्षणे दिसली तर आमच्याकडे न येता थेट पशुवैद्यकाला दाखवावे.

एक गोष्ट मादीबद्दल. पूर्ण वाढलेली मादी नराशिवायही अंडी धरते. ती दिवसभर टाकीच्या काचेवर चढू पाहते, मागच्या पायांनी उकरल्यासारखे करते आणि खाणे सोडते. ते पाहून "हिला इथे राहायचे नाही, हिला मोकळे सोडू या" असे घरात ठरते. तिला खरे तर ओलसर माती किंवा वाळू भरलेला, तिला आत वळता येईल एवढा टब हवा असतो. अंडी अडकली तर तिच्या जिवाला धोका असतो.

आणि मोकळे सोडणे म्हणजे फुटाळा किंवा अंबाझरी तलावात किंवा देवळाच्या तळ्यात सोडणे. यामागची भावना आम्ही जाणतो. कासवाला आपण देवासमोर स्थान दिले आहे आणि त्याला मोकळे करण्यात पुण्य आहे असे मानणारी माणसे मनाने चांगलीच असतात. तरीही हे कृपया करू नये. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांचे खाणे आणि उन्हात बसण्याच्या जागा ते बळकावते. पावसाळ्यात रस्त्यावर किंवा अंगणात देशी कासव सापडले, तर ते घरी ठेवू नये. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

चार आठवड्यांनंतरही आपले मन द्यावे असेच सांगत असेल, तर त्यात अपराधी वाटून घेऊ नये. कधी घर लहान असते, कधी माणूस एकटा आणि वयस्क असतो, कधी घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असते. अशा घरातून कासव जाणेच योग्य, आणि आम्ही तसे स्पष्ट सांगतो. आम्ही कासवे विकत नाही आणि आपल्याकडून आलेल्या कासवाचे नव्या मालकाकडून पैसेही घेत नाही. ३० दिवसांच्या देखभालीचा खर्च मात्र आपल्याकडून घेतो, कारण त्या काळात वीज, खाद्य आणि वेळ आमचा जातो. टाकी, फिल्टर व हीटर चालू स्थितीत सोबत दिल्यास तो खर्च कमी करतो.

नाव नोंदवताना कासवाचा वरून आणि पोटाच्या बाजूने एकेक फोटो, पाठीची लांबी, ते काय खाते आणि शेवटची ट्यूब कधी बदलली एवढे लिहून पाठवावे. दिलेल्या दिवशी कासव पाण्याने भरलेल्या बादलीत आणू नये. झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओला टॉवेल अंथरून त्यावर ठेवावे, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत यावे, आणि दुचाकीवर डबा पायांपाशी न ठेवता मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर असू द्यावा.