जॅकेट गळत नव्हतं

आषाढातली सकाळ होती. गावातून पाखाडी चढून सड्यावर, सड्यावरून घाटीच्या तोंडापर्यंत आणि तिथून माघारी, असं आठेक किलोमीटर धावून घरी आले. नव्या कोऱ्या पावसाळी जॅकेटच्या आतला टीशर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. शेताच्या बांधावरून काकू म्हणाल्या, "अगो बाय, एवढं घालूनही भिजलीसच की!" त्यांच्या डोक्यावर इरलं होतं, पाठ कोरडी होती आणि त्या सकाळपासून लावणी करत होत्या.

जॅकेट गळतंय, अशी माझी खात्रीच पटली. तपासायचं म्हणून एका बाहीचं मनगट सुतळीने आवळून बांधलं, बाहीत पाणी भरलं आणि ती पडवीच्या वाशाला टांगली. संध्याकाळपर्यंत खाली जमिनीवर एक थेंब नव्हता. म्हणजे टीशर्टातलं पाणी पावसाचं नव्हतं, माझंच होतं.

त्या जॅकेटवर '२०,००० मिलिमीटर' असा आकडा आहे. त्याचा अर्थ असा, की कापडावर २० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तेवढ्या दाबापर्यंत ते पाणी आत सोडत नाही. माझ्या बाहीत पाणी जेमतेम अर्धा मीटर होतं, त्यामुळे माझा प्रयोग फारच सौम्य. पण पाऊस तरी किती दाब देतो? पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने पडतो. त्या वेगाचा दाब काढला तर तो साधारण चार मीटर पाण्याइतका भरतो, तोही क्षणभरच. आपला मुसळधार पाऊस जमेस धरूनही १०,००० मिलिमीटरचं कापड धावणाऱ्याला पुरतं. जास्त दाब येतो तो पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यांखाली. म्हणून २०,००० आणि ३०,००० मधल्या फरकासाठी ज्यादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गोष्ट दुसऱ्या आकड्यात आहे, घामाची वाफ बाहेर सोडण्याच्या. चढावर धावताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता बनते. मध्यम वजनाच्या माणसात ती सहज ७०० वॅटच्या घरात जाते. घरातले साठ वॅटचे जुने पिवळे दिवे डझनभर एकदम लावल्यासारखं. ही उष्णता घालवायला शरीराकडे मुख्य उपाय घामाचा. तासाला एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ६७० वॅट उष्णता घेऊन जातो. वाळला तर. नुसता ओघळला तर त्यातलं जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम झटक्यात ओढली आणि ती न तुटता कित्येक पट लांबली. त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. छिद्रं इतकी लहान की पाण्याचा थेंब शिरू शकत नाही, आणि इतकी मोठी की वाफेचा रेणू आरामात जातो. पावसाळी जॅकेटांचं 'गोरटेक्स' कापड मुळात ते हेच. हल्लीच्या हलक्या जॅकेटांत असे निरनिराळे पापुद्रे असतात, काहींना छिद्रंही नसतात, पण तत्त्व एकच: पाणी बाहेर, वाफ मोकळी.

पण वाफेला बाहेर ढकलणारा पंप त्या कापडात नसतो. ती जाते केवळ दाबाच्या फरकामुळे. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी, म्हणून ती बाहेर सरते. हा फरकच मिटला तर सगळ्यात महाग पापुद्राही मेणकापडासारखाच.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. घामेजलेल्या त्वचेजवळ, ३४-३५ अंशांना, वाफेचा दाब साधारण साडेपाच किलोपास्कल असतो. जुलैत कोकणात हवा २६ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरली तर बाहेरचा दाब ३.२. फरक उरला जेमतेम २.३ किलोपास्कल. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, जिथल्या डोंगरधावण्याला 'फेल रनिंग' म्हणतात, आठ अंशांच्या भिजक्या दिवशी बाहेरचा दाब एकच्या आसपास असतो. तिथे फरक साडेचार. म्हणजे तेच जॅकेट तिथे जेवढी वाफ सोडेल त्याच्या जेमतेम निम्मी इथे सोडेल, आणि घाम मात्र इथे जास्त येणार. शिवाय जॅकेटच्या चिठ्ठीवरचे वाफ सोडण्याचे मोठमोठे आकडे प्रयोगशाळेत मुद्दाम फार मोठा फरक ठेवून काढलेले असतात. एका प्रचलित पद्धतीत तर कापडापलीकडे ओलावा ओढून घेणारा क्षार ठेवतात. कोकणच्या पावसात असा क्षार कुठून आणायचा!

फेल रनिंगची जॅकेटं तिकडच्या गरजेतून घडली आहेत. तिथल्या लांब शर्यतींत टेप लावलेल्या शिवणींचं, टोपी जोडलेलं, वाऱ्या-पाण्यापासून अंग झाकणारं जॅकेट सोबत असल्याशिवाय धावू देत नाहीत. कारण तिथे पावसापेक्षा थंडीची धास्ती. मुरगळलेला पाय घेऊन आठ अंशांत, वाऱ्यात, ओल्या अंगाने बसलेला माणूस तासाभरात संकटात येतो. हे साधन तिथे प्राण वाचवतं. आपण ते जसंच्या तसं उचलतो आणि किनाऱ्यालगतच्या सड्यावर अंगात घालून धावतो, तिथे चूक होते.

काकूंच्या इरल्याकडे मी त्यानंतर नीट पाहिलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पूर्वी पानं असत, आता प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर होडीसारखं पालथं. प्लास्टिकमधून वाफ अजिबात जात नाही, तरी काकू आतून भिजत नाहीत. कारण इरलं अंगाला चिकटत नाही आणि खालून, बाजूंनी सताड उघडं असतं. वाफ कापडातून जात नाही, वाऱ्याबरोबर जाते. २६ अंशांची दमट हवा अंगाजवळ येऊन ३४ अंशांपर्यंत तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते. एक घनमीटर हवा अशी आणखी सुमारे १४ ग्रॅम पाणी उचलू शकते. इरलं घालून धावता येणार नाही, ते वाकून काम करणाऱ्यासाठीच घडलंय. पण त्याचं तत्त्व उचलता येतं.

म्हणून मी आता जॅकेट पाहते तेव्हा आधी पाहते ती हवा खेळायची सोय. काखेत चेन आहे का, पुढची चेन दोन्हीकडून उघडते का, घेर सैल आहे का. सैल कापड प्रत्येक पावलागणिक भात्यासारखं हलतं आणि आतली हवा बदलतं. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम ठीक; त्याहून हलकं घ्यायचं तर कापड अतिशय पातळ होतं आणि करवंदीच्या जाळीतून एकदा गेलं की संपलं. टोपीला पुढे ताठ कड हवी, आणि ती मागे बांधून ठेवता यायला हवी. टोपी कानावर असली की पऱ्याचं पाणी वाढल्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि आपल्या वाटांवर तो ऐकू येणं गरजेचं असतं.

आतला कपडा जॅकेटइतकाच महत्त्वाचा. सुती बनियन घालू नये. कापूस पाणी धाग्यातच शोषतो, जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच शोषत नाही. किनाऱ्याकडच्या वाटांवर, तासा-दीड तासाच्या धावण्यात, मी तर जॅकेट पिशवीतच ठेवते आणि पातळ टीशर्टवर पावसात भिजते. पंचवीस अंशांचं पावसाचं पाणी अंगावरून वाहत असताना घामाचं अर्धं काम तेच करतं. फक्त काखा-मांड्यांना खोबरेल चोपडून घ्यावं, ओली कातडी जास्त घासते.

घाट चढून वर गेलं की मात्र गणित उलटतं. हजार मीटरवर हवा पाच-सहा अंशांनी थंड असते आणि कड्यावरचा वारा उभं राहू देत नाही. धावत असताना ७०० वॅट उष्णता अंगात असते. थांबल्यावर ती शंभरेक वॅटवर येते, आणि ओले कपडे तशीच उष्णता ओढत राहतात. बोटं वाकेनाशी झाली, शब्द अडखळायला लागले, की शरीराचं तापमान उतरू लागलेलं असतं. त्यासाठी जॅकेट पिशवीत हवंच, आणि ते कुडकुडायला लागण्याआधी, थांबल्याबरोबर चढवायचं. इथे पूर्ण बंद शिवणींचं, वारा अडवणारं जॅकेट खरं उपयोगी.

शेवटी निगा, कारण कोकणात जॅकेट धावून कमी आणि पेटीत पडून जास्त मरतं. नव्या कापडावर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं गोळी होऊन घरंगळतं. अळवावर ते मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे होतं, कापडावर रासायनिक लेपामुळे. घाम, मीठ, चिखल बसला की लेप निकामी होतो, बाहेरचं कापड पाणी पितं आणि त्या ओल्या थरातून वाफेची वाट आणखी अडते. सौम्य साबणाने धुऊन, खूप पाण्यात खळबळून, चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की लेप बराचसा पुन्हा जागा होतो. बऱ्याच जॅकेटांत आत पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर असतो, तो उष्ण दमट हवेत हळूहळू विघटन पावतो. चिकट होतो, मग पोपडे निघतात. माझं पहिलं जॅकेट पावसाळाभर ट्रंकेत घडी करून ठेवलेलं होतं, दिवाळीत काढलं तर घडी सुटेना. आता मी दर धावण्यानंतर ते पडवीत, वारा येतो त्या कोपऱ्यात, उलटं करून टांगते. शेजारच्याच खुंटीवर काकूंनी दिलेलं जुनं इरलं असतं.