टी-पेशींचा 'थकवा' : एका शब्दामागची तीन दशके

कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, गाठीला ओळखतात, काही काळ तिच्याशी झुंजतात आणि मग जिवंत असूनही तिथेच निष्क्रिय पडून राहतात. या अवस्थेला संशोधकांनी 'थकवा' असे नाव दिले. नाव सुटसुटीत आहे, पण त्याने बरीच वर्षे दिशाभूलही केली. कारण थकलेला माणूस चार दिवस विश्रांती घेऊन पुन्हा कामाला लागतो, तसे या पेशींचे होत नाही. त्यांच्यातील कोणती जनुके चालू राहणार आणि कोणती बंद, याची घडीच बदललेली असते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध जुंपणारा उपचार, काही रुग्णांना तारते आणि पुष्कळांच्या बाबतीत निष्प्रभ ठरते, यामागे इतर कारणांबरोबर ही बदललेली घडीही आहे, हे कळायला दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

या शोधाची सुरुवात कर्करोगापासून झालीच नाही. उंदरांना होणाऱ्या एलसीएमव्ही या विषाणूचा एक वाण आठवड्याभरात शरीराबाहेर फेकला जातो, तर दुसरा महिनोन्महिने ठाण मांडून बसतो. दुसऱ्या प्रकारच्या संसर्गात विषाणूविरोधी टी-पेशी नाहीशा होतात, असे स्विस प्रतिकारशास्त्रज्ञ रॉल्फ झिंकरनागेल यांच्या गटाने 1993 मध्ये नोंदवले होते. मात्र त्या काळी टी-पेशी मोजायच्या त्या त्यांच्या कामावरून. जी पेशी काम करत नाही, ती गणतीतच येत नसे. 1996 मध्ये टेट्रामर हे तंत्र आले आणि पेशी काम करो वा न करो, तिचा नेम कोणत्या विषाणूवर आहे एवढ्यावरून तिला वेचून काढता येऊ लागले. त्याच्या आधारे 1998 मध्ये, हैदराबादेत जन्मलेले आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की यांतील बऱ्याच पेशी मेलेल्या नसतात. त्या हजर असतात, पण निष्क्रिय. पुढचे सारे संशोधन या मोजणीच्या दुरुस्तीवर उभे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा धागा जपानमधला. क्योटो येथे तासुकू होन्जो यांच्या गटाला 1992 मध्ये पीडी-1 हे जनुक सापडले, तेव्हा त्याचा संबंध पेशीमृत्यूशी असावा असा कयास होता. 2006 मध्ये हे दोन्ही धागे जुळले. थकलेल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-1 हे पेशीला लगामासारखे आवरणारे प्रथिन भरपूर असते आणि त्याच्याशी जोडले जाणारे प्रथिन अडवले की उंदरांतील या पेशी पुन्हा काम करू लागतात, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. तोवर अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-4 या दुसऱ्या लगामाबाबत उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून दहा वर्षे लोटली होती. त्या लगामावरील औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये आणि पीडी-1 रोखणाऱ्या औषधांना 2014 मध्ये परवानगी मिळाली. 2018 चे नोबेल पारितोषिक ॲलिसन आणि होन्जो यांना विभागून देण्यात आले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. या औषधांना प्रतिसाद दिलेले अनेक रुग्ण पुन्हा मागे का घसरतात, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली.

त्याचे उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर केंद्रकात होते. काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. पोथी घरात असली तरी बासनात बांधून ठेवली असेल तर ती वाचता येत नाही. तसेच डीएनएचा जो भाग घट्ट गुंडाळलेला असतो, तेथील जनुके पेशीला सहसा वापरता येत नाहीत. 2013 मध्ये स्टॅनफर्ड येथे विकसित झालेल्या अटॅक-सीक या तंत्रात एक विकर फक्त मोकळ्या भागांत शिरतो आणि तिथे खुणा सोडतो, त्यामुळे थोड्याशा पेशींतूनही मोकळ्या डीएनएचा नकाशा काढता येतो.

हे तंत्र थकलेल्या पेशींना लावणारे दोन शोधनिबंध 2016 मध्ये सायन्स या नियतकालिकात एकदमच प्रसिद्ध झाले. पीडी-1 च्या जनुकापासून सुमारे 23,800 अक्षरे अलीकडे डीएनएचा एक तुकडा थकलेल्या पेशींत मोकळा असतो, कार्यक्षम पेशींत तो बंद असतो. तो कापून टाकला तेव्हा पीडी-1 चे उत्पादन घटले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की औषधाने पीडी-1 चा लगाम सोडवल्यावर पेशी काही दिवस तरतरीत होतात खऱ्या, पण त्यांचा नकाशा जवळपास होता तसाच राहतो. लगाम सुटला तरी घोडा तोच.

मग औषधाला प्रतिसाद देते ती कोणती पेशी? त्याच वर्षी असे दिसले की टीसीएफ-1 हे नियामक प्रथिन टिकवून ठेवलेला एक छोटा, मूळपेशींसारखा गट औषधानंतर वाढतो. पूर्ण थकलेल्या पेशी नव्हेत. 2019 मध्ये टॉक्स हे दुसरे नियामक प्रथिन थकव्याची घडी बसवते, हे एकापाठोपाठ आलेल्या शोधनिबंधांतून सिद्ध झाले. ते काढून टाकल्यावर पेशींवरील थकव्याच्या खुणा कमी झाल्या, पण त्या पेशी फार काळ टिकल्या नाहीत. म्हणजे सतत चिथावणी मिळत असताना पेशीने जगून राहण्यासाठी केलेली ही तडजोड असावी. केवळ बिघाड म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

या नियमनाची ताकद माणसात दिसली ती अपघाताने. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, विषाणूच्या साहाय्याने त्यांत कर्करोग ओळखणारे जनुक घालतात; ते जनुक डीएनएत नेमके कुठे जाऊन बसेल यावर नियंत्रण नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका 78 वर्षांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णात पहिल्या डोसचा फारसा उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांनी पेशींची संख्या अचानक भरमसाट वाढली आणि आजार मागे हटला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासानुसार, वाढीच्या शिखरावर त्याच्या सीडी-8 प्रकारच्या कार-टी पेशींपैकी 94 टक्के पेशी एकाच पेशीच्या वंशज होत्या. त्या मूळ पेशीत नवे जनुक टीईटी-2 या जनुकात घुसून ते बंद पडले होते आणि त्याची दुसरी प्रतही त्या रुग्णात आधीपासूनच अधू होती. डीएनएवरील मिथाइल खुणा, म्हणजे जनुके सहसा बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, पुसण्याचे काम टीईटी-2 करते. ते थंडावल्याने पेशी तरुण आणि वाढती राहिली. मात्र हेच जनुक रक्ताच्या काही कर्करोगांतही बिघडलेले आढळते, आणि 2023 मध्ये असेही दिसले की टीईटी-2 नसलेल्या कार-टी पेशी क्वचित बेलगाम वाढू शकतात. हा मार्ग मुद्दाम वापरण्यापूर्वी म्हणूनच दहादा विचार करावा लागतो.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-19 या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. परदेशातील किमतीच्या साधारण दशांशात तो उपलब्ध होणे ही मोठी गोष्ट आहे. तरीही पेशी शरीरात किती काळ कार्यक्षम राहतात, हा प्रश्न पवईतल्या पेशींनाही चुकलेला नाही.

गंमत अशी की विश्रांतीची कल्पना अगदीच चुकीची नव्हती. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने, सतत उद्दीपित राहून थकलेल्या कार-टी पेशींतील संकेत डॅसॅटिनिब या ल्युकेमियावरील जुन्या औषधाने काही दिवस थांबवला, तेव्हा पेशींची मारकशक्ती परतली आणि डीएनएच्या घडीतही पूर्वस्थितीकडे जाणारे बदल दिसले. या पेशी प्रयोगशाळेत घडवलेल्या आणि उंदरांत तपासलेल्या होत्या. वर्षानुवर्षे गाठीत अडकून पडलेल्या माणसाच्या पेशींची घडी अशी उलगडेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.