नऊ पॉइंटवर ओव्हरकॉल: कधी बोलायचं आणि कधी पास म्हणायचं

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकताना सगळ्यात आधी पॉइंट मोजायला शिकवतात, एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, सगळे मिळून 40, आणि आपल्याकडे 12-13 आले की बोली उघडायची. इथपर्यंत कुणालाही जमतं. पंचाईत होते ती उजवीकडच्याने आपल्या आधी बोली उघडली की. आता आपण काही बोललो तर त्याला ओव्हरकॉल म्हणतात, आणि माझं ठाम मत आहे की नवीन खेळाडू सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, कारण ते इथेही पॉइंटच मोजत बसतात.

मेंढीकोट किंवा तीनशेचार खेळलेल्या माणसाला हुकूम, उतारी, हात हे शब्द सांगायला नकोत. ब्रिजमध्ये भर एवढीच की बोलीतला आकडा सहाच्या वरचा असतो, म्हणजे 'एक इस्पिक' बोललात तर इस्पिक हुकूम धरून तुम्ही आणि पार्टनर मिळून सात हात करायचे, आणि 'तीन नो-ट्रंप' म्हणजे हुकूमच नाही आणि नऊ हात करायचे.

आता ही दोन प्रकारची पानं बघा. दोन्ही वेळा उजवीकडच्याने 'एक चौकट' बोली उघडलीय आणि आता तुमची पाळी आहे.

पहिली: इस्पिक राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. बदाम 8, 4. चौकट 7, 6, 3. किलवर राजा, 7, 4.

दुसरी: इस्पिक गुलाम, 8, 6, 5, 2. बदाम राजा, 4. चौकट राणी, गुलाम, 3. किलवर राणी, 7, 4.

मोजून बघा, दोन्हीकडे बरोबर नऊ पॉइंट आणि दोन्हीकडे इस्पिकची पाच पानं. तरी पहिल्या पानांवर मी डोळे झाकून 'एक इस्पिक' बोलेन आणि दुसऱ्या पानांवर पास म्हणेन. का, ते नीट बघण्यासारखं आहे.

पहिल्यात इस्पिक हुकूम झालं तर पार्टनरकडे काहीही नसलं तरी तीन हात पक्के आहेत (पंजीचा चौथाही बहुतेक वेळा मिळतो), कारण राजा-राणी-गुलाम-दश्शी या चौघांना मारू शकणारं पान जगात एकच, एक्का, आणि तो एकदाच पडतो. दुसऱ्यात पार्टनरकडे इस्पिकची दोन बारीक पानं आहेत असं धरा, म्हणजे समोरच्यांकडे (प्रतिस्पर्ध्यांकडे) सहा राहिली, एक्का-राजा-राणीसकट. ती 3-3 अशी वाटली गेली तर तीन हात देऊन आपल्याला शेवटचे दोन मिळतात, पण 3-3 वाटणी व्हायची शक्यता फक्त 35.5 टक्के आहे, 4-2 ची 48.4 टक्के, म्हणजे बऱ्याचदा एखादाच हात हाती लागेल. शिवाय दुसऱ्या पानांतली चौकट राणी-गुलाम ही समोरच्याच्याच सूटमध्ये (म्हणजे पानांच्या रंगात) आहे, तिथे ती बचावात कामाची, स्वतःच्या बोलीत फारशी नाही. पॉइंट तेच पण कामाला येणारी जागा वेगळी.

यासाठी एक सोपा ढोबळ नियम वापरतात, त्याला सूट क्वालिटी टेस्ट म्हणतात: सूटची लांबी अधिक त्यातली मोठी पानं (एक्का ते दश्शी, पण गुलाम आणि दश्शी वरच्या पानाच्या जोडीला असतील तरच धरायचे), आणि ही बेरीज जितके हात बोलणार तितकी तरी यायला हवी. पहिल्यात 5 अधिक 4, नऊ. दुसऱ्यात गुलाम एकटाच आहे म्हणून तो धरायचाच नाही, बेरीज पाच, आणि 'एक इस्पिक'ला सात लागतात.

आता बोलून फायदा काय? आपली बोली जिंकून हात करणं हा एक झाला, पण मला विचाराल तर ओव्हरकॉलचा सगळ्यात जास्त दुर्लक्षित फायदा उतारीचा आहे. समजा तुम्ही 'एक इस्पिक' बोललात आणि डावीकडच्याने शेवटी 'तीन नो-ट्रंप' घेतलं. ब्रिजमध्ये पहिली उतारी बोली खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेला करतो, म्हणजे इथे तुमचा पार्टनर. त्याच्याकडे इस्पिकची फक्त 8, 7 आहेत. तुम्ही बोललाच नसता तर त्याने इस्पिक उतरायचं कारणच नव्हतं, स्वतःच्या लांब बदामातून उतरला असता, आणि समोरच्याला सावकाश किलवर जमवायला वेळ मिळाला असता. बोललात म्हणून तो 8 उतरतो. टेबलवर (म्हणजे डमीत, खेळणाऱ्याच्या पार्टनरच्या उघड्या पानांत) इस्पिक 9, 4, 2 आहेत, खेळणाऱ्याकडे एक्का, 6, 3. त्याने शहाणपणाने दोनदा एक्का दाबून ठेवला तरी तुम्ही दश्शी आणि राजावर दोन हात केलेले असतात, तिसऱ्यांदा राणीवर एक्का पडतो. आता त्याला हात पुरवायला किलवर लागतात, डमीत एक्का-राणी-गुलाम-दश्शी आहेत आणि तुमचा राजा त्यांच्या मागे बसलाय, त्यामुळे कधी ना कधी तो तुम्हाला मिळतोच, आणि तो मिळाला की उरलेला गुलाम आणि पंजी दोन्ही चालतात कारण इस्पिक बाकी सगळ्यांकडची संपली. दोन, एक, दोन, पाच हात, बोली एकने पडली. त्याने एक्का पहिल्याच फेरीत घेतला असता तरी हिशोब पाचच येतो, करून बघा. दुसऱ्या पानांवर बोलला असतात तर पार्टनर बिचारा गुलाम-आठच्या सूटमध्ये उतरला असता आणि स्वतःचा चांगला सूट सोडला असता.

दुसरा फायदा जागा खाण्याचा. 'एक चौकट'नंतर तुम्ही गप्प बसलात तर डावीकडचा सहा-सात पॉइंट आणि चार बदामांवर आरामात 'एक बदाम' बोलतो. मध्ये तुमचं 'एक इस्पिक' आलं की ती बोली गेली, कारण इस्पिक बदामाच्या वर धरतात आणि बोली वरच चढवावी लागते, आणि 'दोन बदाम' बोलायला साधारण पाच पानं आणि 10 पॉइंट तरी लागतात. ही अडचण इतकी खरी आहे की 1957 मध्ये ॲल्विन रॉथ या अमेरिकन खेळाडूने त्यावर तोडगा म्हणून निगेटिव्ह डबल (अशा वेळी 'डबल' बोलून न बोललेल्या सूटची पानं आपल्याकडे आहेत असं पार्टनरला कळवणं) काढला, त्याच वर्षी सोव्हिएत युनियनचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला होता म्हणून त्याला स्पुटनिक डबल पण म्हणायचे. उलट 'एक किलवर'वर 'एक चौकट' बोलून जवळजवळ काहीच जागा खाल्ली जात नाही, म्हणून तिथे बोलायचं तर दुसरं काहीतरी चांगलं कारण हवं.

आता पॉइंटकडे येऊ, कारण ते अगदीच निरुपयोगी नाहीत, फक्त आपण ते चुकीच्या प्रश्नाला वापरतो. एकूण 40. उघडणाऱ्याकडे साधारण 13 धरा, तुमच्याकडे 9, उरले 18, ते उरलेल्या दोघांत, म्हणजे पार्टनरकडे सरासरी 9. म्हणजे बाजी 22 विरुद्ध 18 अशी आहे, हरलेली अजिबात नाही. आणि तुमच्याकडे 16 असतील तर पार्टनरकडे सरासरी साडेपाचच राहतात, त्यामुळे 'माझ्याकडे खूप आहे म्हणजे आपला गेम (मोठा बोनस देणारी बोली) नक्की' हे उघडलेल्या बोलीनंतर खरं नसतं. बसायची जागा बदलली की हेच गणित पार बदलतं. 'एक चौकट', पास, 'एक बदाम' आणि मग तुम्ही, म्हणजे दोन्ही समोरचे बोलून झालेत, तिथे 13 आणि किमान 6 वजा करा, तुमचे 9 वजा करा, पार्टनरकडे जास्तीत जास्त 12 च्या आसपास आणि बहुतेक वेळा बरेच कमी, तिथे जपून. पण 'एक चौकट', पास, पास असं होऊन पाळी तुमच्याकडे आली तर डावीकडच्याकडे, म्हणजे ज्याने उघडली त्याच्याकडे पॉइंट आहेत पण उजवीकडचा सहाच्या खालचा, मग बाकीचे गेले कुठे? पार्टनरकडेच. म्हणून तिथे पार्टनरकडून एक राजा उसना घेतल्यासारखं तीन पॉइंट कमी असले तरी बोलतात.

धोका म्हणाल तर तो डबलचा, म्हणजे तुमची बोली पडेल असं वाटून समोरच्याने दंड वाढवण्याचा. काही डावांत एखादी बाजू व्हल्नरेबल धरतात, तेव्हा तिचा बोनस आणि दंड दोन्ही मोठे असतात. व्हल्नरेबल नसताना डबल होऊन एक हात कमी पडला तर 100, दोनला 300, तीनला 500. व्हल्नरेबल असताना 200, 500, 800. समोरच्यांचा तीन नो-ट्रंप झाला तर त्यांना 400, ते व्हल्नरेबल असले तर 600. म्हणजे आपण नाही आणि ते आहेत अशा वेळी तीन हात पडूनसुद्धा 500 विरुद्ध 600, आपला फायदाच, आणि उलट परिस्थितीत दोन पडले तरी 500 विरुद्ध 400, नुकसान. दुसरी पानं मी टाळतो ती याच हिशोबाने, डावीकडे एक्का-राणी-दश्शी-नव्वी इस्पिक घेऊन कुणी बसला असेल तर तिथे 800 सहज जातात.

एक खर्च मात्र लोक धरतच नाहीत, माहितीचा. तुमचं बोलणं पार्टनरबरोबर समोरचाही ऐकतो. तुमच्याकडे पाच इस्पिक आणि पार्टनरकडे दोन हे त्याला कळलं की तुमच्या 13 पैकी आठ जागा रिकाम्या, पार्टनरच्या अकरा, म्हणून त्याच्या बाजूला नसलेली बदाम राणी पार्टनरकडे असायची शक्यता 19 पैकी 11, जवळपास 58 टक्के. पण बोललात म्हणजे तुमच्याकडे पॉइंट आहेत हेही त्याला कळतं, आणि ते पारडं उलट्या बाजूला झुकवतं, तेव्हा चांगला खेळाडू दोन्हींचं वजन करून ठरवतो. पन्नास-पन्नासचा अंदाज होता तो आपण त्याला सोपा करून दिला, ही किंमत आहेच.

पार्टनरने पुढे किती वर जायचं याला मात्र छान आधार आहे. फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी 1969 मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकात मांडलं की दोन्ही बाजूंची आपापल्या सगळ्यात लांब सूटमधली पानं मिळून जितकी होतात, दोन्ही बाजूंना आपापला हुकूम ठेवून मिळणारे हातही साधारण तितकेच होतात. साधारण, दर वेळी नाही, अनेक तज्ज्ञांनी यावर आक्षेपही घेतलेत. पण व्यवहारात त्यातून निघतं ते असं की ओव्हरकॉल पाच पानांचा, पार्टनरकडे तीन असली की आठ, मग दोनपर्यंत जा, चार असली तर नऊ, मग तीनपर्यंत, पॉइंट कमी असले तरी. तुम्ही चार पानांवर ओव्हरकॉल द्यायला लागलात की पार्टनरचा हा सगळा हिशोब बिघडतो, म्हणून पाच पानांची शिस्त मी तरी सोडत नाही.

कॉम्प्युटरने हे सोडवलं का असं विचारतात. 2022 मध्ये पॅरिसला नूक नावाच्या प्रोग्रामने आठ वर्ल्ड चॅम्पियनना हरवलं, पण त्यात फक्त पानं खेळायची होती, बोली लावायचीच नव्हती. 13 पानं 63,501 कोटींहून जास्त प्रकारे येऊ शकतात, आणि बोलींचे क्रम तर साधारण 1 वर 47 शून्यं इतके, त्यात पार्टनरने काय समजून घ्यावं हे आधी ठरलेलं हवं. तरी घरच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट नक्की करता येते: चारी जणांची पानं उघडी धरून किती हात होतात ते काढणारे फुकटचे प्रोग्राम मिळतात, त्यात आपली पानं कायम ठेवून उजवीकडच्याला चौकट उघडण्याजोगी पानं द्या, बाकीची हजारदा पिसा आणि 'एक इस्पिक'चे किती हात झाले ते बघा. मग पहिल्या पानांतली दश्शी काढून दुर्री ठेवा, पॉइंट तेवढेच राहतील, आणि परत चालवा.